स्पर्धेनंतरचं गाणं

रविवार, 28 जुलै 2024

रात्री 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व सुरू झालं. मी असले कार्यक्रम बघत नाही. पण मुलगी बघते, आणि घरात टीव्ही एकच. रितेश देशमुख एकेकाला बोलावत होता, एकेक जण नाचतगात आत जात होता. अभिजीत सावंतचं नाव आलं आणि मी ताट घेऊन तिथंच बसलो.

"बाबा, हा कोण?" मुलगी म्हणाली.

तिचा प्रश्न रास्त आहे. ती जन्मली तेव्हा अभिजीतची लाट ओसरलेली होती. तिला सांगितलं, की 2004 च्या शेवटी सोनीवर 'इंडियन आयडॉल' सुरू झालं. मूळ इंग्लंडातलं 'पॉप आयडॉल', मग अमेरिकेतलं 'अमेरिकन आयडॉल', आणि तिसऱ्या वळणावर आपल्याकडचं. परीक्षक सोनू निगम, अनू मलिक, फराह खान. निकाल मात्र त्यांच्या हातात नाही. तो लोकांच्या मोबाइलवर. 5 मार्च 2005 ला अंतिम फेरीत अमित साना आणि अभिजीत समोरासमोर होते. जिंकला मुंबईचा हा मराठी पोरगा.

त्या रात्री डोंबिवलीत आमचा ऑर्केस्ट्रा होता. निकाल लागला तसा कोणीतरी विंगेत येऊन निवेदकाच्या कानात सांगितलं. त्यानं तो माईकवर जाहीर केला आणि मैदानात शिट्ट्यांचा पाऊस. तेवढी दाद त्या रात्री आमच्या एकाही गाण्याला मिळाली नव्हती.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याचं गाजलेलं गाणं कुठलं?"

शनिवार, 10 ऑगस्ट

गणपतीच्या कार्यक्रमांची तालीम. चहाच्या वेळी विषय निघालाच. आमचा ढोलकीवाला म्हणाला, "वाया गेला बिचारा. एवढा जिंकला आणि आता भांडायला बसलाय घरात."

मला हे पटलं नाही. माणूस वाया गेला असं म्हणण्याआधी त्यानं काय काय केलं ते तरी बघावं. स्पर्धा संपल्यावर त्याच वर्षी अल्बम आला, 'आपका अभिजीत सावंत'. त्यातलं 'मोहब्बतें लुटाऊंगा' रिक्षात, सलूनमध्ये, लग्नाच्या बँडवर, सगळीकडे वाजलं. मी स्वतः ते हळदीच्या कार्यक्रमांत वाजवून वाजवून कंटाळलो होतो. त्याच वर्षी 'आशिक बनाया आपने' या चित्रपटात सुनिधी चौहानबरोबर त्याचं गाणं आलं. 2007 ला दुसरा अल्बम, 'जुनून'. त्याच वर्षअखेर जकार्तामध्ये 'एशियन आयडॉल' झालं, तिथं भारताकडून हाच गेला. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. 2008 ला 'जो जीता वही सुपरस्टार' ही जिंकलेल्यांची स्पर्धा झाली. तिथं दुसरा, आणि पहिला कोण, तर 'इंडियन आयडॉल'मध्ये याच्या मागे तिसरा राहिलेला राहुल वैद्य. त्याच सुमारास बायकोबरोबर 'नच बलिये'. 2009 ला 'लॉटरी' या चित्रपटात नायक. आणि 2010 साली 'इंडियन आयडॉल'च्या पाचव्या पर्वात तो परत आला, पण सूत्रसंचालक म्हणून.

ढोलकीवाल्यानं चहा संपवला. "म्हणजे कामं भरपूर केली," तो म्हणाला. "गाणी किती केली?"

मुलीचाच प्रश्न. ती शाळेत आहे, हा तीस वर्षं ढोलकी वाजवतोय; दोघं एकाच जागी बोट ठेवतात.

गुरुवार, 15 ऑगस्ट

सकाळी एका सोसायटीत देशभक्तिपर गीतं. दुपारभर रिकामा, म्हणून डोक्यात तेच.

टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा काही 2004 ला जन्मली नाही. झी टीव्हीवर 'सा रे ग म' 1995 ला सुरू झालं. तेव्हा सोनू निगम सूत्रसंचालक होता आणि गुण द्यायला नौशाद, खय्याम यांच्यासारखी जाणती माणसं. तिथला स्पर्धक घरोघरी प्रसिद्ध होत नसे. तो गाण्याच्या धंद्यातल्या लोकांच्या नजरेत येई. श्रेया घोषाल लहानपणी त्याच मंचावरून पुढे आली. संजय लीला भन्साळींच्या आईनं तिला टीव्हीवर ऐकलं, मुलाला हाक मारली आणि 2002 साली 'देवदास' आला. पहिल्याच चित्रपटात राष्ट्रीय पुरस्कार. आपल्या पुण्याची बेला शेंडे त्याच कार्यक्रमातली. तिला पुढे ए. आर. रहमान भेटले, अजय-अतुल भेटले, 'नटरंग' मिळाला.

या दोघींच्या वाटचालीत स्पर्धा हा पहिला जिना. पुढे प्रत्येक मजल्यावर कोणीतरी संगीतकार उभा होता, ज्याला त्या आवाजातून आपलं काहीतरी काढायचं होतं.

अभिजीतच्या वेळी क्रम उलटा झाला. आधी सगळा देश ओळखायला लागला आणि मग त्याच्यासाठी गाणी शोधायची. त्यात कंपनीला घाई. मोबाइलवर मत देणारा माणूस ताजा असताना त्याच्या हातात सीडी पडायला हवी. ती पडलीही. पण सीडीचा धंदाच तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. एमपीथ्रीच्या एका चकतीत शंभर गाणी स्टेशनबाहेर मिळायची. खासगी अल्बमचा जमाना, ज्यावर हिंदी पॉपची सगळी मंडळी मोठी झाली, तो याच्या हातात माईक येईपर्यंत आवरत आला होता. तो जिंकला अगदी वेळेवर, पण ज्या बाजारासाठी जिंकला त्या बाजाराची पाठ फिरलेली.

आणि चित्रपटात? 'आशिक बनाया आपने'चंच बघा. अभिजीतचं गाणं बरं चाललं. पण त्या चित्रपटाचं जे गाणं देशभर पेटलं ते संगीतकार हिमेश रेशमियानं स्वतःच्याच नाकातून गायलं होतं. संगीतकार स्वतः गायला लागल्यावर जिंकलेल्या पोरांनी कुणाच्या दारात उभं राहायचं?

मंगळवार, 10 सप्टेंबर

आज गौरी आल्या. कल्याणला एका मंडळात कार्यक्रम. मागे फ्लेक्सवर आमच्या गायिकेचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात तिच्या कार्यक्रमाचं नाव, पुढे 'फेम'. मराठीतल्या एका स्पर्धेत ती शेवटच्या काही जणांत होती, त्याला बरीच वर्षं झाली. अजून फ्लेक्सवर तिच्या नावापेक्षा 'फेम' ठळक. त्या एका शब्दावर तिच्या नाईटचं मानधन आमच्यापेक्षा जास्त ठरतं, आणि त्याबद्दल आमची कुणाचीच तक्रार नाही; तिच्यामुळेच कार्यक्रमाची सुपारी येते.

गाते उत्तम. पट्टी काळी चार. दोन अंतऱ्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये मी एखादा पीस विसरलो तर ती आलाप घेऊन जागा भरून काढते, श्रोत्यांना पत्ता लागत नाही.

चार-पाच गाणी झाली की फर्माइशीच्या चिठ्ठ्या सुरू होतात. आज मुद्दाम त्या गोळा करून कीबोर्डच्या स्टँडवर चिमट्यात लावल्या. वहीच्या कागदाचे तुकडे, एक आरतीच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानाचा, एक वडापावच्या कागदाचा, त्यावर तेलाचा डाग. 'वाजले की बारा' दोनदा. 'ऐरणीच्या देवा तुला'. 'अप्सरा आली'. 'मेंदीच्या पानावर'. एकावर नुसतं 'लता'. एकावर 'ताई, तुम्ही टीव्हीवर गायलेलं ते'.

ते शेवटचं तिनं लगेच गायलं. टाळ्या कडाडून. स्पर्धेत ते दुसऱ्या कुणाचंतरी जुनं गाणं तिनं म्हटलं होतं. आता मंडळात ते तिचंच म्हणून ओळखलं जातं. तिचं स्वतःचं एक गाणं आहे. तिच्या ओळखीच्या एका मुलानं चाल लावली, पैसे हिनंच घातले, यूट्यूबवर टाकलं. त्याची चिठ्ठी मी आजवर पाहिलेली नाही. परतताना टेम्पोत तिला विचारलं, की तूच का नाही घेत मधे? ती म्हणाली, "दादा, लोक उठतात."

सोमवार, 23 सप्टेंबर

पितृपक्ष. सुपाऱ्या बंद, म्हणून शिकवण्या नीट चालू. एका विद्यार्थिनीची आई आली. मुलगी दहा वर्षांची, गळा गोड. आईला हवंय तिनं टीव्हीच्या ऑडिशनला जावं. "सर, पाच गाणी पक्की करून द्या. हाय नोट असलेली."

हल्ली सगळ्यांना माहीत असतं की ऑडिशनला काय चालतं. सुरुवात संथ, मग एकदम वरची पट्टी, शेवटी एक लांब दम आणि परीक्षक उभा राहायला हवा. दीड मिनिटात सगळं बसवायचं. मी कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण दाबून तिची पट्टी अर्धा-अर्धा सूर वर नेऊन दाखवली. पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा. तिसऱ्या वेळी मुलीचा आवाज चिरकला. आईला म्हटलं, हिचा आवाज अजून बनतोय, आत्ता ताणू नका.

"पण सर, लिटल चॅम्प्सची मुलं काय मोठी होती?"

बरोबर आहे. झी मराठीवरच्या त्या 2008-09 च्या पर्वानं महाराष्ट्राला वेड लावलं होतं. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. पुण्याची आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. आमच्या धंद्यातले लोक तर तो कार्यक्रम मुलांइतकाच मागच्या वादकांसाठी बघायचे. कमलेश भडकमकरांचा वाद्यवृंद, बासरीला अमर ओक, ढोलकीला निलेश परब, आणि कीबोर्डवर सत्यजित प्रभू. प्रभूंनी एका हातानं सनई आणि दुसऱ्यानं सारंगी काढली की मी दुसऱ्या दिवशी तासन्‌तास तो टोन शोधत बसायचो.

पण त्या आईला मी जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो. ही पाच मुलं टिकली त्याचं कारण स्पर्धेच्या आत कमी आणि बाहेर जास्त आहे. कार्तिकीचे वडील स्वतः संगीतातले, आर्याची आई गायिका आणि गुरू. मुलं टीव्हीवर गेली तेव्हा त्यांच्याकडे अभंग होते, नाट्यपदं होती, गवळणी होत्या. स्पर्धा संपल्यावर हे सगळं ऐकणारा मराठी श्रोता नाट्यगृहात, देवळात, दिवाळी पहाटेला आयता बसलेला होता. त्यांना नवा बाजार उभा करावा लागला नाही. 2021 साली तीच पाच मुलं त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसली. मुग्धा आणि प्रथमेशचं 2023 च्या डिसेंबरात लग्न झालं तेव्हा घरच्या कार्यासारखी लोकांना त्याची बातमी हवी होती. आणि यातल्या रोहितनं पुढे हिंदी 'इंडियन आयडॉल'चं अकरावं पर्व लढवलं, दुसरा आला. म्हणजे एकदा नाव झाल्यावरही पुन्हा रांगेत उभं राहावंसं वाटतं.

हिंदीच्या मुलाला असा आयता श्रोता नसतो. त्याला एक चित्रपट लागतो, त्या चित्रपटाला संगीतकार लागतो, आणि तो संगीतकार एकच गाणं तीन-चार आवाजांत करून बघतो. आपला आवाज राहिला की गेला, हे कधीकधी गायकाला गाणी बाजारात आल्यावरच कळतं.

आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे सर. पण पाच गाणी करून द्या." देणार आहे. एक अट घातली, त्यातलं एक गाणं कुणी न गायलेलं असेल. चाल मी लावीन.

रविवार, 6 ऑक्टोबर

'बिग बॉस'चा अंतिम सोहळा. सत्तर दिवसांत आमच्या घरी दोन पक्ष पडले होते. मुलगी सूरज चव्हाणची, बायको अभिजीतची. मी तटस्थ, असं मी सांगतो.

शेवटी हे दोघंच उरले, निक्की तांबोळी तिसरी. सूरज जिंकला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा पोरगा, रील्सवर मोठा झालेला. अभिजीत उपविजेता.

मुलीनं उड्या मारल्या. बायको थोडी खट्टू झाली आणि म्हणाली, "गाणारा माणूस हरला."

मला त्या मंचावर वेगळंच दिसत होतं. 2005 ला मोबाइलच्या मतांवर निवडून आलेला देशाचा पहिला गायक आणि 2024 ला मोबाइलनंच मोठा केलेला पोरगा, दोघं हात धरून उभे. पहिल्याला मत द्यायला लोकांनी नेहमीपेक्षा महाग मेसेज पाठवले. दुसऱ्याला ॲपवर, फुकट. मत देणाऱ्याचं प्रेम तेव्हाही खरं होतं, आजही खरं. अडचण अशी, की हे प्रेम कार्यक्रम संपला की पुढच्या पर्वातल्या माणसावर जातं. तो त्याचा धर्मच आहे. सूरजनं जिंकल्यावर आनंद लुटावा. पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाइतकं हे दुसऱ्या कुणाला कळत नसेल.

आणि हरल्यावर अभिजीत हसत होता. ते हसू कॅमेऱ्यासाठीचं वाटलं नाही. जिंकल्यानंतरची एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरा नंबर काय टोचणार?

सोमवार, 7 ऑक्टोबर

पेपरमध्ये सूरजचे फोटो. आज अभिजीतचा वाढदिवस, 43 पूर्ण.

ढोलकीवाल्याचा फोन. "काय, तुझा माणूस हरला." मी म्हटलं, या वयात लोक त्याला नावानं ओळखतात, मुलं त्याच्यासाठी भांडतात, कार्यक्रमाच्या तारखा मागायला लोक फोन करतील. याला वाया जाणं म्हणत असशील तर आपण दोघं काय आहोत?

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "ते 'सर सुखाची श्रावणी' त्याचंच ना रे?"

त्याचंच. 2013 चा चित्रपट 'मंगलाष्टक वन्स मोर', संगीत निलेश मोहरीर, बरोबर बेला शेंडे. मजा बघा, स्पर्धेतून आलेले दोघे एकाच गाण्यात.

शनिवार, 19 ऑक्टोबर

दिवाळी पहाटेच्या गाण्यांची यादी ठरवायला आयोजकांकडे बैठक. भूपाळी, दोन अभंग, नाट्यपद, बाबूजींची तीन, हृदयनाथांची दोन, शेवटी भैरवी. दरवर्षीचीच यादी; वर्ष बदलून पुन्हा झेरॉक्स काढावी एवढाच फरक. मी 'सर सुखाची श्रावणी' सुचवलं. एक काका म्हणाले, "हे नवीन गाणं कशाला? पहाटे शांत पाहिजे." मी म्हटलं, नवीन कसलं, अकरा वर्षं झाली, आणि आहेही शांत. गायिकेनं तिथंच गुणगुणून दाखवलं. काका म्हणाले, "अरे हे होय! हे माहितीये की." मंजूर.

तिच्या स्वतःच्या गाण्याचं नाव मात्र काढलं की बैठकीत सगळे चहाकडे बघायला लागले. मी म्हटलं, मानधन तेच ठेवा, वेळही तीच, फक्त तीन मिनिटं. शेवटी निवेदिकाबाई मदतीला आल्या. त्या म्हणाल्या, मी त्या गाण्याच्या आधी नीट दोन वाक्यं बोलते, लोक बसतील. तेही मंजूर.

शनिवार, 2 नोव्हेंबर

पाडवा. पहाटे साडेतीनला साऊंड चेक. थंडी नव्हतीच, पण बोटं जड. मैदान साडेपाचला भरलं. साड्या, झब्बे, अत्तर, आणि मागच्या रांगांत फराळाच्या डब्यांची उघडझाप.

'सर सुखाची श्रावणी' सुरू झालं आणि पहिल्या ओळीलाच अर्धं मैदान ओठ हलवायला लागलं. तरुण मुलं तर मोठ्यानं गात होती. गाणं झाल्यावर निवेदिकाबाईंनी विचारलं, हे चित्रपटात कुणी गायलंय? 'बेला शेंडे' असा आवाज लगेच आला. पुरुष आवाज कुणाचा? कुजबुज. एकानं स्वप्नील बांदोडकर सांगितलं, दुसऱ्यानं सोनू निगम. महिन्याभरापूर्वी ज्या माणसासाठी यांच्या घराघरांत भांडणं झाली, त्याचं नाव त्याच्याच गाण्याला कुणी लावलं नाही. बाईंनी सांगितल्यावर सगळे 'अरे!' म्हणाले.

नाव झालं तेव्हा त्याच्याकडे पुरेशी गाणी नव्हती. गाणं झालं तेव्हा नाव कुणी विचारलं नाही.

आमच्या गायिकेचं गाणं भैरवीच्या आधी झालं. तीन मिनिटं. पुढच्या रांगेतले दोघं उठले, कुठे गेले माहीत नाही. बाकी मैदान बसून राहिलं. टाळ्या 'वाजले की बारा'एवढ्या पडल्या नाहीत, पण पडल्या. तिनं ते काळी चारमध्ये न गाता अर्धा सूर खाली घेतलं, कारण गाणं तिच्यासाठीच तसं बांधलेलं आहे, कुणाच्या सावलीत ते म्हणावं लागत नाही.

ही पानं वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. तुम्ही ज्याला मत दिलं त्या गायकाचा कार्यक्रम तुमच्या गावात येईलच; या गावात नाही तर शेजारच्या. तिकीट काढून जा. आणि चिठ्ठी पाठवायची वेळ आली की त्यावर लताबाईंचं, आशाबाईंचं गाणं लिहू नका, ती गाणी आम्ही सांगितल्याशिवायही वाजवतोच. लिहा: 'तुमचं स्वतःचं एक म्हणा.' आणि ते संपेपर्यंत उठू नका.